सीके३ मधली वाटणी: राजा मरायच्या आधी करून ठेवायची कामं

सीके३, म्हणजे क्रूसेडर किंग्ज ३ या गेममधला, आयर्लंडचा माझा तिसरा राजा अंथरुणात, शांतपणे मेला. तिजोरी भरलेली, एकही फॅक्शन (राजाविरुद्ध जमलेला सरदारांचा गट) उभी नाही, थोरला मुलगा तिशीतला आणि लढवय्या. मी निवांत पुढचं बटण दाबलं. नकाशा परत दिसला तेव्हा समुद्रापलीकडचं वेल्स वेगळ्याच रंगात होतं. धाकटा भाऊ तिथे राजा होऊन बसला होता. माझा मांडलिक म्हणून नव्हे, तर स्वतंत्र राजा म्हणून, आणि मी दोन पिढ्या खपून घेतलेल्या काउंट्या (जिल्हे) घेऊन. कहर म्हणजे वेल्सचं किंगडम टायटल, म्हणजे तिथलं राजपद, मी कधी काढलंच (निर्माण केलंच) नव्हतं, आणि तेही मुद्दाम. टायटलच नाही तर वाटणार काय, असा माझा हिशोब होता.

क्रूसेडर किंग्ज ३ मध्ये नवखे खेळाडू लढाईत कमी आणि वाटणीत जास्त हरतात. भाऊबंदकी म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवायला नको, तरी या गेममध्ये आपण दर वेळी बेसावध सापडतो. याचं कारण एकच: वारशाकडे आपण राजा मेल्यावर बघतो. तोपर्यंत सगळं ठरून गेलेलं असतं. खाली सांगितलंय ते साध्या फ्यूडल (सरंजामी) राज्यासाठी आहे. बायझंटाइनसारख्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह राज्यांची गणितं वेगळी असतात, त्यात इथे शिरत नाही.

आधी सातबारा बघा

एफ२ दाबून रेल्म (राज्य) खिडकी उघडा आणि सक्सेशन (वारसा) टॅबवर जा. हा तुमचा सातबारा. आज, या क्षणी राजा मेला तर कोणाच्या नावावर काय चढेल, ते इथे लिहिलेलं असतं. तीन गोष्टी याच क्रमाने तपासा. पहिलं, सगळ्यात वर ज्याचं चित्र आहे तो, म्हणजे तुम्ही पुढे ज्याला खेळणार तो, तुमच्याच घराण्याचा आहे ना? दुसरं, बाकीच्या वारसांना कोणती टायटलं जातात? तिसरं, आणि हे लोक विसरतात, ती टायटलं घेऊन ते तुमच्या राज्यात राहणार की बाहेर पडणार?

ही खिडकी मूल जन्मलं की, वारस मेला की, नवं टायटल मिळालं की, आणि काही नसलं तरी राजा पन्नाशीला आला की उघडायची. एका बाळाच्या जन्माने अख्खा तक्ता बदलतो. मी तर प्रत्येक लढाई जिंकल्यावर बघतो, कारण नवी जमीन आली की वाटणीचा डाव नव्याने मांडला जातो.

वारस परक्या घराण्याचा निघाला

ही सगळ्यात वाईट अवस्था, कारण इथे राज्य तर जातंच, खेळही संपतो. बहुतेक वेळा असं होतं: मुलगा नाही, मुलगी वारस. तिचं लग्न एखाद्या बड्या राजपुत्राशी लावलं, युती मिळाली म्हणून आपण खूश. पण लग्न साध्या पद्धतीचं, म्हणजे मुलं बापाच्या घराण्याची. मुलगी गादीवर येते तोवर सगळं ठीक असतं. तिच्या पोटचा मुलगा मात्र दुसऱ्या घराण्याचा, आणि ती गेली की तुमच्या हातात कोणी उरत नाही.

उपाय लग्न ठरवतानाच करायचा. वारस मुलीचं लग्न मॅट्रिलिनियल लावा, म्हणजे मुलं आईच्या घराण्याची होतील. बडे राजे याला तयार होत नाहीत, त्यामुळे धाकट्या, बिनजमिनीच्या पोरांत स्थळ शोधावं लागतं. घरजावई शोधताना मोठेपणा सोडावा लागतो, तसंच. आणि एक: मुलगा झाला म्हणून मुलींची लग्नं बेफिकीर होऊन साध्या पद्धतीने लावू नका. एकुलता मुलगा चार वर्षांचा असेल तर वारशाच्या रांगेत पहिली मुलगीही खरी वारसच समजा. साथीचे रोग या गेममध्ये फार लहान पोरं नेतात.

धाकटा स्वतंत्र झाला

इथे जरा थांबूया, कारण निम्म्या तक्रारी याच मुळातून येतात. गेममध्ये चार पायऱ्या महत्त्वाच्या: काउंटी, डची, किंगडम, एम्पायर. नियम साधा आहे. धाकट्याला मिळालेलं टायटल थोरल्याच्या मुख्य टायटलाहून खालच्या पायरीचं असेल तर तो थोरल्याचा मांडलिक होतो. बरोबरीच्या पायरीचं असेल तर स्वतंत्र.

१०६६ ला मन्स्टरच्या मुर्चाडपासून सुरुवात करा, ज्याच्यावर गेमचं ट्युटोरियल आहे. तो पेटी किंग असला तरी पायरी ड्यूकचीच. समजा त्याने लेन्स्टर जिंकून ती डचीही नावावर केली, आणि त्याला दोन मुलगे आहेत. आज मेला तर थोरल्याला मन्स्टर, धाकट्याला लेन्स्टर, दोघे बरोबरीचे, आयर्लंडचे पुन्हा दोन तुकडे. पण मरायच्या आधी त्याने आयर्लंडच्या निम्म्याहून जास्त काउंट्या ताब्यात घेऊन आयर्लंडचं किंगडम काढलं असतं, तर थोरला राजा आणि धाकटा त्याच्या हाताखालचा ड्यूक. जमीन तेवढीच, मुलगेही तेवढेच. फरक फक्त एका वरच्या टायटलाचा.

म्हणून पहिली शिस्त: पायरी चढायची संधी आली की पैसे साठवून ती चढा. आणि एक पायरी चढलात की त्याच पायरीचं दुसरं टायटल विनाकारण बाळगू नका. दोन किंगडम असतील तर एकतर एम्पायर गाठा, किंवा दुसरं किंगडम मोडा (कॉन्फेडरेट पार्टिशनचा कायदा असेल तर मोडून भागत नाही, ते पुढे येतंच). टायटल मोडायचं बटण टायटलच्या खिडकीतच असतं. मांडलिकांना ते आवडत नाही, पण राज्याचे दोन तुकडे होण्यापेक्षा चार सरदारांचं तोंड वाकडं झालेलं परवडतं.

गेममधली ही गोष्ट इतिहासातूनच आली आहे. लेऑन आणि कॅस्टीलचा राजा फर्नांडो पहिला १०६५ च्या डिसेंबरात वारला. थोरल्या सांचोला कॅस्टील, अल्फान्सोला लेऑन, गार्सियाला गॅलिसिया, अशी तीन बरोबरीची राज्यं तो वाटून गेला. सहा वर्षांत थोरल्या दोघांनी मिळून गार्सियाची गादी काढून घेतली. १०७२ च्या सुरुवातीला सांचोने अल्फान्सोलाही हाकललं आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सामोरा शहराच्या वेढ्यात तो स्वतः मारला गेला. सगळं अल्फान्सोकडे आलं. गार्सिया पुढे कैदेतच मेला. गेमचा १०६६ चा डाव नेमका या तीन भावांच्या मधोमध सुरू होतो. वाटणी झाल्यावर काय होतं हे कोणी वाचून समजत नसेल तर अल्फान्सो घेऊन तासभर खेळावं.

न काढलेलं टायटल आपोआप निघालं

आता माझं वेल्स. सुरुवातीच्या काळात बहुतेक राज्यांना जो कायदा असतो, कॉन्फेडरेट पार्टिशन (पार्टिशन म्हणजे वाटणी), त्याच्यात एक कलम आहे. तुमच्या मुख्य टायटलाच्या पायरीचं एखादं टायटल अजून कोणाकडे नसेल, पण ते काढता येईल इतकी जमीन तुमच्याकडे असेल, तर राजा मेल्यावर गेम ते टायटल स्वतः काढतो आणि धाकट्याला देतो. वेल्सच्या निम्म्याहून जास्त काउंट्या माझ्या होत्या. मी टायटल काढलं नाही, म्हणून गेमने काढलं.

यावर तीन वाटा आहेत. एक, त्या किंगडमच्या निम्म्यापेक्षा कमी काउंट्या ठेवायच्या. उरलेलं नंतरच्या राजासाठी सोडायचं. ही वाट रुचत नाही पण स्वस्त आहे. दोन, एम्पायरपर्यंत पोहोचायचं, म्हणजे वेल्स धाकट्याला मिळालं तरी तो तुमच्या हाताखालीच. त्यासाठी एम्पायरच्या मोठ्या हिश्श्यावर ताबा लागतो, त्यामुळे हे एका आयुष्यात क्वचित जमतं. तीन, हे कलम नसलेल्या कायद्यावर जायचं, म्हणजे साधं पार्टिशन. तिथे वाटणी होते, पण फक्त अस्तित्वात असलेल्या टायटलांची.

माझ्या त्या डावात मी चौथीच वाट धरली: नव्या राजाने पहिल्या वर्षी भावावर चढाई केली. बापाचा मुलगा म्हणून बापाच्या टायटलावर क्लेम (हक्क) मिळतो, त्यामुळे कारण शोधावं लागलं नाही. पण लक्षात ठेवा, तोच क्लेम त्यालाही तुमच्या गादीवर मिळालेला असतो.

राजधानीच्या डचीचे तुकडे

राज्य एकसंध राहिलं तरी हा त्रास होतोच. राजधानीच्या डचीत चार काउंट्या, सगळ्यांत इमारती बांधून काढलेल्या, आणि राजा मेल्यावर त्यातल्या दोन धाकट्यांकडे. उत्पन्न निम्मं, सैन्य निम्मं. राजधानीची काउंटी मात्र थोरल्याकडे राहते, एवढाच दिलासा.

मी यासाठी ‘घास’ ठेवतो. कुठेतरी दूरची, फारशी कामाची नसलेली दुसरी डची स्वतःकडे ठेवायची, तिच्यात दोन काउंट्या. वाटणीत धाकट्याला ती डची आणि तिच्यातल्या काउंट्या जातात, राजधानीची डची बऱ्याच अंशी वाचते. मुलगे जास्त असतील तर घासही जास्त. टायटल दिल्यावर किंवा घेतल्यावर दर वेळी सक्सेशन टॅब उघडून यादी कशी हलली ते बघा. इथे अंदाजावर काही करू नये.

दुसरा मार्ग म्हणजे थोरल्याला हयातीतच काउंट्या देणं. दिलेलं टायटल तुमच्या वाटणीतून बाहेर पडतं. पण हे राजा म्हातारा झाल्यावरच करा. तिशीतल्या राजाने विशीतल्या मुलाला जमीन दिली की तो मुलगा स्वतःच्या डोक्याने वागायला लागतो: लग्न स्वतः ठरवतो, कर्जात जातो, भलत्याच लढाईत मरतो. आणि तो तुमच्याआधी मेला तर त्याच्या जमिनीची वाटणी त्याच्या मुलांत.

मुलं फार झाली

मुळात हा प्रश्न निर्माण होऊ न देणं उत्तम. दोन मुलगे झाले आणि थोरला पंधरा-सोळाचा झाला की बायकोचं वय बघा. नव्या लग्नाच्या वेळी बायको थोडी वयस्क निवडली तरी पुढची वाटणी सोपी होते. ब्रह्मचर्य स्वीकारण्याचा निर्णयही गेममध्ये आहे, आणि हवं तेव्हा तो सोडताही येतो. एकापेक्षा जास्त बायका किंवा उपपत्नी ठेवणाऱ्या धर्मांत हे आणखी जपायला लागतं. तिथे वारस रांगा लावतात.

झालेली मुलं कमी करायची तर सभ्य मार्ग आधी. कॅथलिक असाल तर धाकट्याला मठात जाण्याची विनंती करता येते. गेला की वारशातून बाद. देवभोळी मुलं सहज तयार होतात. बाकीच्यांवर एखादा हुक, म्हणजे त्याचं गुपित किंवा उपकार हातात असला तर बरं. दुसरा मार्ग म्हणजे वारसा काढून घेणं. त्यासाठी तुम्ही घराण्याचे प्रमुख असावे लागता, आणि रिनाऊन (घराण्याचा लौकिक) खर्च होतं. रिनाऊन पिढ्यान्‌पिढ्या जमतं, म्हणून ते चार पोरांवर उधळू नका. सगळ्यात मोठा हिस्सा ज्याला जातोय त्याच्यावरच वापरा.

मग असभ्य मार्ग. धाकट्याला बळजबरीने नाइट करून लढाईत पुढे ठेवता येतं. मी करून बघितलंय. ज्याला मारायला पाठवला तो पाच लढाया जिंकून नामांकित झाला, आणि ज्याला जपत होतो तो थोरला तापाने गेला. खुनाचा कट उघडकीस आला तर पोटचं मूल मारल्याचा डाग बसतो, शिवाय दयाळू स्वभावाच्या राजाचा ताण इतका चढतो की तोच आजारी पडतो. आणि एक फसगत: थोरला मेला की धाकटा वारस होतो असं धरून चालू नका. थोरल्याला मुलगा असेल तर गादी त्या नातवाकडे जाते. दोन वर्षांचा राजा आणि तीस वर्षांचे रागावलेले काका, हा डाव मी कोणाला सुचवणार नाही.

कायदा बदलायचाय, बटण करडं आहे

माऊस बटणावर नेला की कारण दिसतं. बहुधा तीनपैकी एक असतं: तुमच्या संस्कृतीला त्या कायद्यासाठी लागणारी इनोव्हेशन (नवा शोध) अजून मिळालेली नाही, प्रेस्टीज (प्रतिष्ठा) कमी पडतंय, किंवा तुमची राज्यपद्धत ट्रायबल (टोळीची) आहे. ट्रायबल राज्याला कॉन्फेडरेट पार्टिशन सुटत नाही. आधी फ्यूडल व्हावं लागतं.

साधं पार्टिशन हेरेडिटरी रूल या इनोव्हेशनने मिळतं, हाय पार्टिशन हेरल्ड्रीने. हाय पार्टिशनमध्ये मुख्य वारसाला निदान निम्मी टायटलं मिळतात, म्हणून ते हाती लागलं की लगेच बदला. सगळं एकाला देणारी प्रायमोजेनिचर मात्र उत्तर मध्ययुगातली, म्हणजे १२०० नंतरची गोष्ट. ८६७ ला सुरुवात करणाऱ्याने तिची वाट बघत बसू नये. सगळे तीनशे वर्षं वाटणीतच काढतात. संस्कृतीचे प्रमुख तुम्ही असाल तर पुढची इनोव्हेशन कुठली हे तुम्ही ठरवू शकता, आणि मी तिथे सैन्याआधी वारशाची निवडतो.

निवडणुकीची पळवाट

एखाद्या टायटलाला फ्यूडल इलेक्टिव्ह लावलं की ते टायटल वाटणीतून सुटतं आणि मतदानाने जातं. दोन किंगडम असतील, दुसऱ्याला निवडणूक लावली, आणि तिथेही थोरलाच निवडून आला, तर दोन्ही त्याच्याकडे. यासाठी प्रेस्टीज भरपूर लागतं, आणि मतदार तुमचे मांडलिक असतात. त्यांना तुम्ही आवडत नसाल तर ते भलत्यालाच निवडतील. डचीवर हा खेळ सोपा आहे. तिच्यातल्या सगळ्या काउंट्या तुमच्याच ताब्यात असतील तर मतदार तुम्ही एकटेच. फक्त खालच्या काउंट्या यातून सुटत नाहीत, त्या वाटणीतच राहतात.

निवडणूक लावून विसरायची नाही. वर्षाला एकदा मतांचा तक्ता बघा, विशेषतः थोरल्याची एखादी भानगड उघडकीला आली असेल तर.

वारस बिनकामाचा

वारस सहा वर्षांचा झाला की त्याला पालक द्या, आणि राजाने स्वतः शिकवण्याचा मोह टाळून ज्या विषयात तो मुलगा वळतोय त्यातला दरबारातला उत्तम माणूस शोधा. सोळाव्या वर्षी शिक्षण संपतं, नंतर उपाय थोडे. मुकुटाची सत्ता पुरेशी वर नेली असेल तर वारस स्वतः नेमता येतो, म्हणजे हुशार धाकटा पुढे आणता येतो. मात्र डावललेला थोरला ते विसरत नाही.

आपल्याकडचा दाखला हवा तर कल्याणीचे चालुक्य बघा, ज्यांची सत्ता महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होती. १०६६ ला गादीवर सोमेश्वर पहिला होता. १०६८ मध्ये त्याने तुंगभद्रेत जलसमाधी घेतली, गादी थोरल्या सोमेश्वर दुसऱ्याला गेली, आणि १०७६ मध्ये धाकट्या विक्रमादित्याने भावाला काढून ती घेतली. पुढे त्याने पन्नास वर्षं राज्य केलं आणि स्वतःच्या नावाने शकही सुरू केला. गेममध्ये हा डाव खेळताना माझं सगळं लक्ष दोन मुलांपैकी कोणाला जास्त क्लेम आणि मित्र मिळताहेत इकडेच असतं.

नवा राजा, पहिली पाच वर्षं

नव्या राजाला ‘नवखा’ म्हणून सगळे मांडलिक कमी मानतात, आणि बापाच्या युत्या बापाबरोबरच जातात. म्हणून बसल्या दिवशी गेम थांबवा आणि हे करा.

फॅक्शनची यादी उघडा आणि सगळ्यात ताकदवान मांडलिक कोण ते बघा. त्यांच्यापैकी एकाशी लग्नाची सोयरीक जमवा. युतीतला मांडलिक तुमच्याविरुद्धच्या फॅक्शनमध्ये जात नाही, हा माझ्या मते गेममधला सगळ्यात स्वस्त विमा आहे. यासाठी नव्या राजाची एक-दोन भावंडं किंवा मुलं अविवाहित ठेवून मरायचं असतं. बाकीच्या ताकदवानांना मंत्रिमंडळात जागा द्या, जुना हुशार खजिनदार गेला तरी चालेल. भाऊ मांडलिक म्हणून राहिले असतील तर त्यांची टायटलं उगाच हिसकावू नका, जुलमी ठराल. त्यांच्यावर गुप्तहेर सोडा. त्यांनी बंड केलं किंवा एखादा गुन्हा हाती लागला की अटक करा, मग टायटल काढून घेतलं तरी कोणी नाव ठेवत नाही.

आणि म्हाताऱ्या राजाच्या शेवटच्या वर्षांत तुरुंग रिकामा करू नका. कैदी वारसाकडे येतात. खंडणी घेऊन सोडले तर पहिल्या लढाईचा खर्च निघतो. दोघा-तिघांचा शिरच्छेद केला तर ड्रेड (दरारा) चढतं आणि फॅक्शनकडे वळू पाहणारे सरदार घरी बसतात. माझ्या वेल्सच्या स्वारीचा खर्च असाच निघाला. बापाने दहा वर्षं कोंडून ठेवलेले दोन नॉर्मन सरदार होते. त्यांच्या खंडणीत भाडोत्री सैन्य आलं, आणि दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात वेल्स परत हिरवं झालं. धाकट्या भावाला मी नंतर मठात पाठवलं.